दिराची रायफल

धाकटे, काल तू फोन स्पीकरवर ठेवला होतास. मागून तुझ्या दिराचं "ताईंना विचारा ना, त्यांनी एनसीसीत रायफल चालवलीय" असं चाललेलं मला ऐकू येत होतं, म्हणून मी हं हं करून विषय मिटवला. चारचौघांत दिराचं म्हणणं खोडलं की त्याचा राग भावजयीवर निघतो, हे तुला मी सांगायला नको. आता एकटी असशील तेव्हा हे वाच आणि यातलं जेवढं घरात बोलण्यासारखं आहे तेवढंच बोल.

त्याचं म्हणणं मी नीट ऐकलंय. हरभऱ्यात रात्री रोजडी, म्हणजे नीलगाई, उतरतात. मक्सीकडच्या माळावर काळविटांचे कळप आहेत, तेही सोयाबीन कोवळं असताना सोडत नाहीत. मामंजींची तीनशेपंधरा बोरची रायफल चालवली की खांदा सुजतो, काडतूस महाग पडतं. मग हलकी, लहान बोरची रायफल घेतली तर हरिण-रोजडं पडेल का, आणि तिच्यात काडतूस कोणतं घालावं? वर पुन्हा टेक्सासचा मावसभाऊ म्हणाला म्हणे, की तिकडे लोक बावीसच्या गोळीनं सर्रास हरिण मारतात.

मावसभाऊ खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. बावीस हे गोळीच्या जाडीचं माप झालं, इंचाचे शंभरातले बावीस भाग. पण त्या जाडीच्या गोळ्या दोन अगदी वेगळ्या जातींच्या काडतुसांत येतात. आम्ही एनसीसीत चालवायचो ती .२२ लाँग रायफल. काडतूस जेमतेम इंचभर लांब, पुढे शिशाची ४० ग्रेनची गोळी, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास. बुडाला मध्ये टोपी नसते. पेट घेणारा मसाला बुडाच्या दुमडलेल्या कडेत भरलेला असतो आणि पिन त्या कडेवर आपटते. याला रिमफायर म्हणतात. मावसभावाच्या मित्रांकडे असते ती .२२३ रेमिंग्टन. गोळी जवळपास तेवढ्याच जाडीची, ५५ ग्रेनची, पण मागे निमुळत्या गळ्याचं पितळी कवच दारूनं गच्च भरलेलं आणि टोपी बुडाच्या मधोमध. पहिलीचा वेग सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आतबाहेर, दुसरीचा हजाराला टेकतो. नळीच्या तोंडाशी जोर मोजला तर पहिली १९० ज्यूलच्या आसपास भरते, दुसरी १७०० च्या. नऊपट! आणि खुद्द टेक्सासच्या कायद्यात हरणावर रिमफायर चालवायला मनाई आहे. तेव्हा मावसभावाची बावीस आणि तुझ्या दिराच्या डोक्यातली बावीस यांचं फक्त आडनाव एक आहे.

बरं, ती मोठी बावीससुद्धा हरणाला पुरते का, यावर तिकडे शिकाऱ्यांचे दोन तट आहेत. कोलोरॅडो राज्यात हरणासाठी किमान .२४ ची रायफल लागते, व्हर्जिनियात .२३ ची, म्हणजे दोन्हीकडे .२२३ बादच. इंग्लंडचा कायदा आणखी बारकाईनं जातो. मोठ्या हरणांना .२४० च्या खालची रायफल नको आणि नळीच्या तोंडाशी १७०० फूट-पौंडांचा जोर हवा. आपल्या हिशेबात २३०० ज्यूल. मुंटजॅक म्हणजे आपल्या भेकराचा चिनी भाऊबंद, तसल्या लहानग्यांनाच .२२० ची सवलत, आणि तिथेही ५० ग्रेनची गोळी व १००० फूट-पौंड हवेतच. तिथल्या सगळ्यात लहान हरणाला कायदा जेवढा जोर मागतो, त्याच्या सातव्या हिश्श्याची गोळी तुझा दीर रोजड्यावर झाडायला निघालाय.

.२२३ वापरणारे जाणकार लोक आहेत, नाही असं नाही. पण ते काय पाळतात ते ऐक. कोल्ह्यासाठी बनवलेली गोळी ते घेत नाहीत. ती पातळ कवचाची असते, कातडीखाली गेली की फुटून विखुरते, वर मोठी जखम दिसते आणि फुफ्फुसापर्यंत काहीच पोचत नाही. ते ६० ते ७० ग्रेनची, कवच आणि शिसं एकजीव केलेली किंवा सगळी तांब्याची गोळी घेतात, जी पसरते पण तुटत नाही. अशी लांब गोळी सरळ जायला नळीतल्या खाचांना पीळ जास्त लागतो. जुन्या नळीत बारा इंचांत एक वेढा असतो, तिच्यातून लांब गोळी डगमगत जाते. सात-आठ इंचांत एक वेढा हवा. शिवाय अंतर शंभर मीटरच्या आत, जनावर आडवं उभं, नेम पुढच्या पायाच्या मागे खालच्या तिसऱ्या भागात. समोरून किंवा तिरकं उभं असेल तर घोडा दाबायचाच नाही. इतकं सगळं जुळणार असेल तर गोळी थोडी मोठीच का घेऊ नये, असं मला वाटतं. तुझा दीर टेक्सासात राहत असता तर मी त्याला सरळ .२४३ विंचेस्टर घे म्हटलं असतं. १९५५ पासूनचं काडतूस आहे. ८० ते १०० ग्रेनची गोळी, धक्का बाईमाणसालाही सोसेल एवढा, आणि चितळाच्या अंगाच्या जनावराला दीडशे मीटरपर्यंत पुरून उरते. लहान बोर हवी या हट्टाला तिथे जागा आहे.

पण इथे रोजड्याचा प्रश्न आहे ना गं! काळवीट तीस-चाळीस किलोचं. नीलगाईचा नर दोनशेच्या वर जातो. मानेवर आणि छातीवर त्याची कातडी ढालीसारखी जाड असते, नर एकमेकांना तिथेच ढुशा देतात. गंमत म्हणजे टेक्सासातही आपलीच नीलगाय आहे. १९२०-३० च्या दशकांत तिथल्या किंग रँचवर नेऊन सोडली, आता दक्षिण टेक्सासभर हजारोंनी झाली आहे. मावसभावाला विचार म्हणावं, तिकडचे लोक नीलगाईवर काय नेतात. .३०० विंचेस्टर मॅग्नमसारख्या दांडग्या रायफली. कारण गोळी लागूनही ते जनावर पळत सुटतं आणि जाड कातडीमुळे रक्ताचा माग नीट पडत नाही, असा तिथल्या वाटाड्यांचा अनुभव आहे. ज्या देशात तऱ्हेतऱ्हेची काडतुसं दुकानात मांडलेली असतात, तिथे लोक या जनावरासाठी वर वर सरकतात, आणि आपण खाली खाली.

तुझा दीर आता कॉर्बेटचं नाव काढेल बघ. काढू दे. जिम कॉर्बेटनं रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ मध्ये .२७५ रिग्बीनं मारला, ही लहानच रायफल म्हणायची. पण .२७५ मध्येही आपल्या .२२ पेक्षा कितीतरी पट जोर असतो, बिबट्या रोजड्याच्या मानानं कितीतरी लहान असतो, आणि चापावर कॉर्बेटचं बोट होतं. त्या एका गोळीसाठी त्यानं किती रात्री झाडावर काढल्या ते त्याच्याच पुस्तकात आहे. दिरानं पुस्तक वाचलं असेल तर फक्त शेवटचं प्रकरण वाचलंय.

आता .२२ चं मला जे हातानं ठाऊक आहे ते सांगते. कॉलेजात आम्हाला .२२ डिलक्स दिली होती. पालथं पडायचं, डावं कोपर रायफलीच्या बरोबर खाली, दस्ता खांद्याच्या खळगीत, गाल लाकडाला चिकटलेला. उस्ताद मागून बुटानं पाय फाकवायचे. श्वास अर्धा सोडायचा, तिथे धरायचा, आणि चाप ओढायचा नाही, दाबत जायचा. टप् असा आवाज, खांद्याला कुणी बोटानं टिचकी मारावी तेवढाच धक्का. पाच गोळ्या झाल्या की कागद आणायला धावायचं. ग्रुप मुठीत मावला तर उस्ताद खूश. त्या गोळीनं कागदाला पाडलेलं भोक इतकं चिमुकलं असतं की लांबून दिसत नाही. हे सगळं पंचवीस मीटरवर, दिवसाउजेडी, न हलणाऱ्या कागदावर. तरी आमच्यातल्या निम्म्या मुलींच्या गोळ्या शेजारणीच्या कागदावर सापडायच्या. आता हेच रात्री, टॉर्चच्या झोतात, हरभऱ्यात उभ्या असलेल्या आणि मान वर करून पळायच्या बेतातल्या जनावरावर कर. गोळी पोटात बसते. रोजडं त्या क्षणी दचकतंसुद्धा नाही, चालू लागतं आणि दोन दिवसांनी कुठल्या तरी विहिरीपाशी कुजल्याचा वास येतो. गोळी लहान असली की जनावराला कमी लागतं, असं तुझ्या सासूबाई म्हणाल्या ना? कमी लागत नाही, फक्त जास्त वेळ लागत राहतं.

आणि जी गोळी रोजड्याला लागली नाही ती कुठे जाते, हे कुणी विचारलंच नाही. त्या इवल्याशा .२२ च्या डब्यांवर छापलेलं असतं की गोळी दीड मैल जाऊ शकते. तीनशेपंधरा त्याहून पुढे. आपला माळवा सपाट. मागे टेकाड नाही, बांध नाही, काळी माती आणि त्यापलीकडे दुसऱ्याचं शेत. तुमच्याकडे थ्री फेज वीज रात्री येते तेव्हा कोण कोण पाणी द्यायला बाहेर असतं ते तूच मला मोजून दाखवलं होतंस. मोटरीपाशी घोंगडी पांघरून बसलेला माणूस टॉर्चच्या झोताबाहेर असतो. माझ्यालेखी सगळ्या काडतुसांचा विचार इथेच संपतो. गोळीमागे माती नसेल तर कुठलंच काडतूस योग्य नाही.

कायद्याचं तर वेगळंच. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, हे दिरालाही माहीत आहे. त्याला वाटतं पिकासाठी चालतं. काय चालतं ते ऐक. काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाबरोबर. ते मारलं तर तीन ते सात वर्षं कैद आणि २५ हजारांच्या खाली दंड नाही. सलमान खाननं १९९८ मध्ये कांकाणीत काळवीट मारल्याचा निकाल २०१८ मध्ये लागला, पाच वर्षांची शिक्षा. वीस वर्षं वकील पोसायला तो सलमान होता, तुझा दीर सोसायटीचं पीककर्ज फेडतोय. नीलगाय आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत येतात. त्यांच्यासाठी कलम ११ मध्ये वाट ठेवलीय. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कारण नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. आधी कागद, मग बंदूक. महाराष्ट्रात मामाकडे रोही, म्हणजे हीच नीलगाय, आणि डुकरं यांच्यासाठी हेच आहे. बिहारमध्ये २०१५ अखेर केंद्रानं नीलगाईला वर्षभरापुरतं उपद्रवी ठरवलं आणि २०१६ मध्ये मोकामाच्या टापूत हैदराबादचे नेमबाज आणून दोनशेवर नीलगाई मारल्या, तेव्हा मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर एकाच सरकारात असून जाहीर भांडले. मंत्र्यांचं जिथे पटत नाही तिथे गावात काय होईल? नाव नीलगाय आहे, धाकटे. कागद हातात असला तरी मारल्यावर चावडीवर कोण कोण जमेल याचा विचार सासऱ्यांच्या वेळचे लोक करायचे.

शस्त्राच्या कायद्यात याहून गमतीची गोष्ट आहे, ती दिराला जरूर वाचून दाखव. १९५९ च्या आर्म्स ॲक्टचं कलम १३ काढ. पिकाच्या राखणीसाठी त्यात भरमार, म्हणजे तोंडाकडून दारू ठासायची बंदूक धरलीय. ती पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर खाचा नसलेल्या नळीची दुसरी बंदूक, आपली बारा बोर वगैरे. आणि .२२ रायफल? तीही त्याच कलमात आहे, पण मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला, कागदावर नेम मारायला. ज्यांनी कायदा लिहिला त्यांना बावीस बोर कशासाठी असते ते पक्कं ठाऊक होतं. "पिकासाठी बावीस द्या" असा अर्ज घेऊन तो कलेक्टर कचेरीत गेला तर बाबू चष्म्यावरून बघेल. आणि ती .२२३ तर विसरूनच जा म्हणावं, सैन्याच्या इन्सासच्या मापाची ती.

सैन्याच्या मापाची रायफल मिळत नाही, म्हणून तर घराघरांत तीनशेपंधरा दिसते. तिची कहाणी मला ह्यांच्या आजोबांनी सांगितली होती. इंग्रजांना धास्ती होती की लोकांच्या हातात .३०३ दिली तर पलटणीतली काडतुसं चोरीला जाऊन तिच्यात चालतील. म्हणून त्यांनी हिंदुस्थानातल्या शौकिनांसाठी ऑस्ट्रियाच्या लष्कराचं ८ मिलिमीटरचं माप उचललं, जे इथल्या कुठल्याच छावणीत नव्हतं. इंग्रज गेले, माप राहिलं. रायफल बंगालात ईशापूरची आणि काडतूस पुण्याच्या खडकीचं. आमच्या घरच्या काडतुसांच्या बुडावर के आणि एफ ही इंग्रजी अक्षरं आहेत, ती खडकीची, तेव्हाच्या किर्कीची, खूण. पुढे २४४ ग्रेनची मऊ नाकाची गोळी असते, .२२ च्या सहापट वजनाची. खांदा का सुजतो ते आलं लक्षात? रायफल हलकी आणि गोळी जड. दस्त्यामागे रबरी पॅड लावून, रायफल खांद्याला घट्ट दाबून धरली की निम्मी तक्रार जाते. तुझा दीर ती खांद्यापासून बोटभर लांब धरत असणार, घाबरणारे सगळे तसंच धरतात. कायदेशीर परवानगी मिळून, मागे मातीचा बांध असून, जवळून मारायचंच झालं तर घरात पडून असलेली हीच गोळी रोजड्याच्या लायकीची आहे. नवं काही विकत घ्यायचं कारण नाही.

पण ती रायफल त्याची आहे का? हे मी काल मुद्दाम फोनवर काढलं नाही. मामंजी गेले त्याला वर्ष होत आलं. परवाना त्यांच्या नावावर होता. परवानाधारक गेला की त्याचं शस्त्र घरात ठेवणं हाच गुन्हा होतो. ते ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं आणि मग वारसानं आपल्या नावानं अर्ज करायचा. २०१६ च्या नियमांत वारसासाठी सोय आहे. मामंजींनी जिवंतपणी केलं असतं तर आणखी सोपं होतं, सत्तरी उलटली की किंवा पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलं की आपल्या हयातीत वारसाच्या नावावर करता येतं. निवडणुकीच्या वेळी जमा करतात तेव्हाची पावती शोध, तिच्यावर रायफलीचा नंबर असतो. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, बाकीच्या भावंडांची ना-हरकत, हे एका पिशवीत घाल. दिराचं ते काम आहे हे खरं, पण करणार तूच आहेस हे तुलाही माहीत आहे.

रोजड्यांचं काय, म्हणशील. ते विचारायला तू मला फोन केला नव्हतास, पण तोच खरा प्रश्न आहे. दिवसा शेताच्या कडेनं फिर. नीलगाई लेंड्या पुन्हा पुन्हा एकाच जागी टाकतात, त्याचे ढीग साठतात. ते ढीग कुठे आहेत ते पाहिलंस की कळप कुठून आत शिरतो ते कळेल. पैसे मोजकेच असतील तर झटका मशीनची तार आधी त्या बाजूला ओढा. सौर पाटी, बॅटरी, मशीन आणि उघडी तार. ती क्षणभर झटका देते आणि थांबते, पुन्हा देते. जनावर उडी मारून मागे होतं, मरत नाही. सगळ्यात वरची तार रोजड्याच्या छातीच्या उंचीला हवी. अर्थिंगची सळई ओल्या जागी खोल ठोकायची, आणि तारेला गवत टेकू द्यायचं नाही, नाहीतर झटका गवतातूनच जमिनीत जातो आणि मग लोक म्हणतात मशीन बेकार निघालं. एक मात्र शपथेवर सांग घरात सगळ्यांना: घरच्या लाईनीची वायर थेट तारेला जोडायची नाही. डुकरांसाठी सोडलेल्या करंटनं दर हंगामात माणसं मरतात, आणि तारेचा मालक तुरुंगात जातो.

झालेलं नुकसान सोडू नका. मध्य प्रदेशात रानटी जनावरांनी पीक खाल्लं तर राजस्व पुस्तक परिपत्रकाच्या ६-४ खाली महसूल खात्याकडून मदत मिळते. तहसीलीत अर्ज, पटवाऱ्याचा पंचनामा. पीक वाळल्यावर पटवारी येऊन काही उपयोग नाही, तुडवलेलं ओलं असतानाच फोटो काढ, मागे ओळखता येईल असं झाड किंवा विहीर येऊ दे.

आणि काळविटांसाठी तर तुमच्याच शाजापूर जिल्ह्यात केवढं झालं! २०२५ च्या ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेची माणसं आणि हेलिकॉप्टर आणून कळपच्या कळप हाकलले, नरसाळ्यासारख्या निमुळत्या होत जाणाऱ्या कनातीत, आणि तिच्या तोंडाशी लावलेल्या गाडीत. बोमा म्हणतात त्याला. आठशेवर काळविटं आणि साठ-सत्तर नीलगाई गांधीसागर, कुनोसारख्या ठिकाणी नेऊन सोडल्या, एकही गोळी न झाडता. गांधीसागरात त्याच वर्षी एप्रिलात चित्ते सोडलेत, त्यांनाही भक्ष्य हवंच होतं. दरवर्षी हेलिकॉप्टर येणार नाही हे मलाही कळतं. पण गावानं मिळून लेखी मागणी केली तर नाव यादीत तरी लागतं, आणि ती मागणी दिरानं लिहावी. त्याला पुढारपण करायला आवडतं, करू दे.

राहिली त्याची हौस. ती मारू नकोस, मला ती हौस कळते. नेम धरला की डोक्यातला सगळा गलबला बंद होतो, ते सुख मी अजून विसरले नाही. त्याला स्वप्निल कुसाळेचा व्हिडिओ दाखव. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेऊन आला. त्याच्या आधी कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत, २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती. आपल्या खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूरचा ऐश्वर्यप्रताप सिंह तोमरही याच खेळातला. या सगळ्यांच्या हातात तीच .२२, तेच इंचभर काडतूस. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, हरभऱ्याच्या मोठ्या दाण्याएवढं. बावीस बोरनं मारायचंच असेल तर हे मार म्हणावं. सुरुवातीला .१७७ ची एअर रायफल घेतली, वीस ज्यूलच्या आतली, तर परवानाही लागत नाही. कोठारात पोती रचून दहा मीटरवर कागद लावता येतो. पोरंबाळं मागे, दार आतून बंद, हे नियम तू घाल.

येत्या रविवारी तू आणि दीर दोघं उज्जैनला या. इंदूर रोडवर सिंहस्थाची खोदाई चालू आहे, तेव्हा टॅक्सीचा हट्ट धरू नका, नानाखेड्याच्या बस स्टँडवर उतरा, मी स्टेडियमच्या बाजूनं घ्यायला येते. ती पिशवी आणा. सोमवारी कचेरी उघडली की आमचे हे दिराला शस्त्र शाखेत घेऊन जातील, त्यांच्या तिथे ओळखी आहेत, आणि पुरुषाच्या तोंडून ऐकलं की त्याला लवकर पटतं. आणि मामंजींच्या ट्रंकेतला तो काडतुसांचा डबा तू उघडू नकोस, उन्हात ठेवू नकोस, भंगारवाल्याला तर अजिबात देऊ नकोस. हिरवट गंज चढलेलं काडतूस कधी उशिरा पेटतं, कधी नळीतच अडकतं. रायफल जमा कराल तेव्हा डबाही तसाच ठाण्यात द्यायचा, मोजून, आणि किती दिली तो आकडा पावतीवर लिहून घ्यायचा.